किल्ली कुणाच्या कमरेला?

"ताई, करमणुकीला कुठलं अ‍ॅप घ्यावं? आणि धंद्याच्या वेबसाइटला कुठलं?" बचतगटाच्या बैठकीत हल्ली हे दोन्ही प्रश्न एका दमात येतात. विचारणारीला वाटतं, ताईंनी दोन नावं सांगितली की झालं. पण गेल्या पाच-सहा वर्षांत या अ‍ॅपच्या दुनियेत ज्या उलथापालथी झाल्या त्या पाहिल्या तर नुसती नावं सांगून भागत नाही. करमणुकीचं अ‍ॅप आणि पोटापाण्याचं अ‍ॅप या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. आपण दोन्हींना एकच माप लावतो आणि तिथेच घोळ होतो.

आधी करमणुकीचं बघू, ते सोपं आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि दुपारची मालिका टीव्हीवरून फोनमध्ये आली. तेव्हापासून आपल्या मालिकांचे पत्ते किती वेळा बदलले आठवा. कलर्स मराठीच्या मालिका 'वूट'वर दिसायच्या. २०२३ मध्ये वूट बंद झालं आणि सगळं 'जिओसिनेमा'त गेलं. स्टार प्रवाहच्या मालिका 'हॉटस्टार'वर होत्या. त्याचं २०२० मध्ये 'डिस्ने प्लस हॉटस्टार' झालं आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओसिनेमा व हॉटस्टार एकत्र होऊन 'जिओहॉटस्टार' झालं. लग्नानंतर सुनेचं नाव बदलावं तशी ही नावं बदलतात! पण आपलं त्यात काय बिघडलं? दोन दिवस शोधाशोध केली, शेजारच्या कॉलेजातल्या मुलीला विचारलं, मालिका सापडली, संपलं. करमणूक भाड्याच्या घरात राहिली तरी चालते. घरमालकाने घर बदलायला लावलं तर सामान हलवायचं, एवढंच.

म्हणून करमणुकीसाठी मी कुणाला एकाच अ‍ॅपचा आग्रह करत नाही. झी मराठी बघणारीला 'झी फाइव्ह', स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीवालीला 'जिओहॉटस्टार', सोनी मराठीवालीला 'सोनी लिव्ह'. मात्र ज्यांची लोकांना फारशी माहिती नाही आणि जी फुकट आहेत, अशी दोन-तीन नावं मी आवर्जून सांगते. प्रसार भारतीचं 'वेव्हज' नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या इफ्फी महोत्सवात सुरू झालं. त्यावर दूरदर्शनच्या वाहिन्या आणि जुने कार्यक्रम बघता येतात. आकाशवाणीचं 'न्यूज ऑन एअर' अ‍ॅप तर मला स्वतःला फार आवडतं. मुंबईची अस्मिता वाहिनी, पुणे, नागपूर अशी केंद्रं ट्रान्झिस्टरची खरखर न होता ऐकायला मिळतात. पोळ्या लाटताना डोळे पोळीवर आणि कान रेडिओवर, ही सवय आपल्या पिढीची आहेच. वाचनाची आवड असेल तर 'ई-साहित्य प्रतिष्ठान' मराठी पुस्तकं विनामूल्य देतं. 'प्रतिलिपी'वर मराठी कथा आहेत आणि तिथे आपणही लिहू शकतो. ऐकायची पुस्तकं हवी असतील तर 'स्टोरीटेल'वर मराठीचा साठा मोठा आहे, त्याला पैसे मात्र पडतात.

पैशांचा विषय निघालाच आहे तर दोन गोष्टी सांगते. "एक रुपयात सात दिवस बघा" असं म्हणणारं अ‍ॅप तो एक रुपया घेताना पुढच्या महिन्यापासून आपोआप पैसे कापायची परवानगीही घेत असतं. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा तेरा फसव्या क्लृप्त्यांची यादी काढून त्यांना मनाई केली. त्यात हा सदस्यत्वाचा सापळाही आहे. मनाई झाली म्हणून सापळे लावणं थांबतंच असं नाही. तुम्ही ज्या अ‍ॅपने यूपीआयचे पैसे पाठवता त्यात 'ऑटोपे' नावाचा कप्पा असतो. तो एकदा उघडून बघा. कुणाकुणाला दरमहा पैसे कापायची मुभा दिलेली आहे ते तिथे दिसतं आणि तिथूनच ती रद्द करता येते. आमच्या गटात हे करून दाखवलं तेव्हा चौघींच्या फोनमध्ये असं काहीतरी निघालं, आणि त्यातल्या दोघींना आपण कशाला 'हो' म्हटलं होतं हेही आठवेना.

दुसरी गोष्ट, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं अ‍ॅप कधीही घ्यायचं नाही. २०२४ च्या लग्नसराईत 'लग्नपत्रिका' म्हणून एक फाइल फिरत होती. नावाच्या शेवटी 'एपीके' अशी अक्षरं असायची. पत्रिका समजून बोट लावलं की पत्रिका उघडतच नाही, एक अ‍ॅप फोनमध्ये शिरतं आणि बँकेचे मेसेज वाचायला लागतं. आपल्याकडे पत्रिकेला नाही म्हणायची पद्धत नाही, हे त्या चोरांनी बरोबर हेरलं. अ‍ॅप घ्यायचं ते प्ले स्टोअरवरूनच. आणि पैसे गेलेच तर लाजून गप्प न बसता लगेच १९३० या क्रमांकावर फोन करायचा. जितका लवकर फोन, तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त. पैसे लावून खेळायच्या रमीसारख्या अ‍ॅपबद्दल मी वेगळं काय सांगू? किती घरांतलं मंगळसूत्र त्यापायी सोनाराकडे गेलं ते मोजायला बसलं तर आमच्या तालुक्यापुरतीही वही पुरणार नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने अशा खेळांवर बंदीचा कायदा केला. तो उशिरा आला, पण आला.

असो. करमणुकीचं इतकंच. खरा जीव अडकलेला असतो तो दुसऱ्या प्रश्नात.

आपल्या छोट्या गावांत आज किती बायका फोनवर धंदा करताहेत बघा. कुरडया-पापड, कांदा-लसूण मसाला, ब्लाउजवरचं आरीकाम, दिवाळीचा फराळ, रुखवत, शिकवण्या. दुकानाचा गाळा घ्यायला भांडवल नाही, घरातून बाहेर पडायला वेळ नाही आणि काही ठिकाणी परवानगीही नाही. अशा बाईला फोन हेच दुकान झालंय. या दुकानाची जागा मात्र कुणाच्या नावावर आहे, हे ती कधी विचारत नाही.

२९ जून २०२० ची आठवण करून देते. गलवानच्या चकमकीनंतर केंद्र सरकारने ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी आणली, त्यात टिकटॉक होतं. देशाच्या सुरक्षेचा प्रश्न होता, त्या निर्णयाशी माझं भांडण नाही. पण महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतल्या कितीतरी बायका तिथे नाच, विनोद, स्वयंपाक दाखवून नावारूपाला आल्या होत्या. काहींना त्यातून चार पैसेही मिळायला लागले होते. सकाळी उठून बघतात तो लाखो चाहते एका रात्रीत नाहीसे! कुणाचा नंबर नाही, पत्ता नाही, 'मी आता इकडे आहे' असं सांगायची सोय नाही.

दुसरं उदाहरण त्याहून साधं आहे. गुगलवर आपल्या व्यवसायाची नोंद केली की त्यासोबत एक छोटी वेबसाइट फुकट करून मिळत असे. ज्यांना संगणकाचा गंध नाही त्यांनाही दहा मिनिटांत जमायचं. गुगलने मार्च २०२४ मध्ये या सगळ्या फुकट वेबसाइट बंद केल्या. पुढे १० जूनपर्यंत जुना पत्ता टाकला की गुगलवरची नोंद उघडायची, नंतर तेही थांबलं. सूचना दिली होती, नियमाने सगळं केलं, नाही असं नाही. पण ज्यांनी तो पत्ता पिशव्यांवर, पाट्यांवर, पावतीपुस्तकांवर छापला होता, त्यांच्या हाती छापलेला कागद तेवढा राहिला. मालिकेचा पत्ता बदलला तर एक भाग हुकतो. धंद्याचा पत्ता बदलला तर गिऱ्हाईक हुकतं, आणि ते दुसऱ्या दुकानात गेल्यावर परत येतंच असं नाही.

"मग स्वतःची वेबसाइट करावी का ताई?" करावी, जरूर करावी. जिचा धंदा गल्लीपुरता आहे तिने घाई करू नये, तिला व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस पुष्कळ झालं. पण परगावाहून मागणी येऊ लागली की स्वतःचा पत्ता हवा. त्या पत्त्याला डोमेन म्हणतात. साध्या डोमेनला वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आतबाहेर खर्च येतो. पहिल्या वर्षी स्वस्तात देतात आणि दुसऱ्या वर्षी दर वाढवतात, म्हणून घेतानाच पुढच्या वर्षाचा दर विचारून घ्यायचा. 'डॉट इन' आहे, 'डॉट कॉम' आहे आणि २०१४ पासून देवनागरीत 'डॉट भारत'सुद्धा आहे.

इथे मला आमच्या भागातल्या एका वहिनींचं सांगितलं पाहिजे. नाव सांगत नाही. मसाल्यांचा धंदा त्यांनी शून्यातून उभा केला. लॉकडाऊनच्या काळात ओळखीतल्या एका मुलाने त्यांना वेबसाइट करून दिली, आठ हजार रुपये घेतले. काम चांगलं केलं होतं, फोटोही सुरेख होते. पाकिटांवर वेबसाइटचा पत्ता छापला. दोन वर्षं नूतनीकरण त्यानेच केलं. मग त्याला पुण्यात नोकरी लागली, नंबर बदलला, आणि वहिनींना वाटलं की एकदा पैसे दिले म्हणजे वेबसाइट कायमची झाली. डोमेन त्या मुलाच्या नावावर, त्याच्याच ई-मेलवर होतं. नूतनीकरणाचे इशारे त्या ई-मेलवर येत राहिले आणि तो ते बघत नव्हता.

याचा नियम साधारण असा असतो. मुदत संपली की काही दिवसांची सवलत मिळते. मग जादा रक्कम भरून पत्ता सोडवून घ्यायची आणखी एक मुदत मिळते. त्यानंतर तो पत्ता बाजारात मोकळा होतो आणि कुणीही घेऊ शकतो. वहिनींच्या पत्त्याला आधीपासून गिऱ्हाईक होतं, म्हणून तो लगेच उचलला गेला. नाशिकच्या एका ग्राहक बाईंचा फोन आला, "अहो, तुमच्या मसाल्याच्या पाकिटावरचा पत्ता उघडला तर जुगाराची जाहिरात दिसतेय, हे काय आहे?" तोवर घरात त्याच पत्त्याची चार हजार पाकिटं छापून पडली होती. वहिनींच्या सासूबाई म्हणाल्या, "पोरी, मसाला खराब झाला असता तर परत कुटला असता." त्या मुलाला शोधून काढलं तेव्हा तो अक्षरशः रडकुंडीला आला. त्याच्या मनात खोट नव्हती. पण कागद त्याच्या नावावर होता, आणि दुसऱ्याच्या नावावरचा कागद त्याच्या सवडीने चालतो.

शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी चांदवडच्या १९८६ च्या महिला अधिवेशनानंतर 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम काढली होती. शेतात राबणाऱ्या बायकोच्या नावावर थोडी तरी जमीन करा, असं गावोगाव सांगितलं आणि हजारो शेतकऱ्यांनी ती केलीही. सातबाऱ्यावर नाव नसलं तर आयुष्यभर राबूनही बाई त्या जमिनीची कुणी नसते, हे तेव्हा पटवून द्यावं लागलं. फोनमधल्या धंद्याचंही असंच आहे, फक्त इथला सातबारा दिसत नाही. सिम नवऱ्याच्या आधारवर, ई-मेल मुलाने उघडलेला, पासवर्ड भाच्याला पाठ आणि ओटीपी दिराच्या फोनवर. बाई रात्री बारापर्यंत पाकिटं भरते.

आमच्याकडे आलेल्या एका ताईंचा नवरा अचानक गेला. धंद्याचा नंबर त्याच्या नावावर होता. दुःखाच्या दिवसांत रिचार्ज कोण बघतो? नंबर वापराविना पडून राहिला. नव्वद दिवस वापर नसला की कंपनी नंबर बंद करून दुसऱ्याला देऊ शकते आणि तसंच झालं. नंबर गेला, त्याच्यावरचं व्हॉट्सअ‍ॅप गेलं आणि सहा वर्षांची गिऱ्हाइकं गेली. फोन हातात होता, चालू होता, पण आतलं दुकान उघडेना. ही गोष्ट मी बैठकीत सांगते तेव्हा सगळ्या गप्प होतात आणि मग एकेक जण विचारते, "माझं सिम कुणाच्या नावावर आहे, कसं बघायचं?" घरातल्या माणसांना विचारा, आणि दुसऱ्याच्या नावावर असेल तर कंपनीच्या दुकानात दोघांनी कागदपत्रं घेऊन जाऊन आपल्या नावावर करून घ्या. भांडण करायची गरज नाही. बहुतेक घरांत 'सुचलंच नाही' एवढंच कारण असतं. जिथे नाव बदलायला विरोध होतो, तिथे प्रश्न सिमपुरता नसतो, आणि त्या बाईने आमच्यासारख्या कुणाशी तरी बोलावं.

आता अ‍ॅप. स्वतःची वेबसाइट फोनवरून सांभाळायची तर ती कशात केली आहे हे माहीत हवं. जगातल्या दहापैकी चार वेबसाइट 'वर्डप्रेस' या प्रणालीवर चालतात, आपल्याकडची मुलंही बहुधा त्यातच करून देतात. वर्डप्रेसचं स्वतःचं अ‍ॅप आहे, त्याच्याच जोडीचं 'जेटपॅक' आहे. नवा फोटो टाकणं, भाव बदलणं, कुणी काही लिहिलं तर उत्तर देणं, किती लोक येऊन गेले ते पाहणं, हे सगळं ओट्याशी उभं राहून करता येतं. वेबसाइटवरच मागणी नोंदवायची सोय असेल तर 'वूकॉमर्स'चं अ‍ॅप मागणी आल्याबरोबर कळवतं. शिवाय ज्या कंपनीकडून डोमेन घेतलं तिचं अ‍ॅप फोनमध्ये असावं, कारण मुदत कधी संपते ते तिथे दिसतं.

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस जानेवारी २०१८ मध्ये आलं, ते फुकट आहे. त्यात मालाची यादी फोटो आणि किमतीसकट लावता येते. "भाव काय?" या रोजच्या प्रश्नाचं उत्तर एकदा लिहून ठेवलं की परत टाइप करावं लागत नाही. रात्री दहानंतर आलेल्या निरोपाला "उद्या सकाळी उत्तर देते" असं आपोआप जातं, आणि या एका सोयीने कित्येकींची रात्रीची झोप वाचली आहे. गुगलवरची व्यवसायाची नोंद अजूनही फुकट आहे. तिचं वेगळं अ‍ॅप २०२२ मध्ये बंद झालं, आता गुगल मॅप्समधूनच ती सांभाळायची. पाककृतींचे व्हिडिओ करणारीसाठी 'यूट्यूब स्टुडिओ' आहे.

ही अ‍ॅप भाच्याकडून, शेजारच्या मुलाकडून शिकायला काहीच हरकत नाही. मुलं हौसेने शिकवतात. फक्त त्यांना पासवर्ड देऊ नका. गुगलच्या नोंदीत, यूट्यूबवर, फेसबुकच्या पानावर आणि वर्डप्रेसमध्ये मदतनीस नेमायची सोय असते. मालक म्हणून आपलं नाव ठेवायचं आणि मुलाला व्यवस्थापक करायचं. तो काम करू शकतो, पण दुकान घेऊन जाऊ शकत नाही, आणि उद्या गाव सोडून गेला तर त्याचं नाव काढता येतं. ज्यांच्याकडे हे उलटं झालंय त्यांनी आत्ताच, संबंध गोड असतानाच, बदलून घ्यावं. डोमेन त्याच्या नावावर असेल तर दोन मार्ग आहेत. त्याने त्याच कंपनीत ते तुमच्या खात्यावर टाकावं, किंवा 'ऑथ कोड' द्यावा, म्हणजे पत्ता दुसऱ्या कंपनीत तुमच्या नावाने हलवता येतो. हा शब्द लिहून ठेवा आणि त्याला तसाच दाखवा, त्याला कळतो.

आणि एक वही करा. गिऱ्हाइकांची नावं, गाव आणि फोन नंबर हाताने लिहिलेली, उधारीच्या वहीसारखी. पासवर्ड तिच्यात नको, ते वेगळ्या कागदावर लिहून कपाटात ठेवा आणि घरातल्या एका विश्वासाच्या माणसाला जागा सांगा. कुठलं अ‍ॅप बंद झालं, फोन पाण्यात पडला, नंबर गेला, तरी वहीतली दोनशे नावं शाबूत राहतात आणि नव्या नंबरवरून "मी अमुक ताई बोलतेय" असं सांगता येतं. मसाल्याच्या त्या वहिनींनी तेच केलं. पावतीपुस्तकाच्या स्थळप्रती काढल्या, त्यातून तीनशेवर नंबर मिळाले, रोज वीस फोन केले. नवा पत्ता त्यांनी स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ई-मेलवर घेतला. जुन्या पाकिटांवर चिकटपट्टी लावायचं काम गटातल्या आम्ही सातजणींनी तीन दुपारी बसून केलं, रेडिओ लावून. स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर, दुधाच्या हिशेबाच्या खाली, त्यांनी लाल पेनाने डोमेनची तारीख लिहिली आहे, आणि तिच्या महिनाभर आधीच्या तारखेलाही गोल केला आहे.